लोणीत एकही लोणीकर नाही

आजोबांना न सांगता लोणीला जायचं ठरलं, तेव्हा अमृत जांभळाच्या झाडावर होता, हर्षाली खाली ओढणी पसरून उभी होती आणि गोरक्ष लांब बांधावर बसला होता. जांभळाच्या दिवसांत तो असाच एकटा बसायचा. जांभूळ त्यांच्या घराचं देवक. ते झाड तोडायचं नाही, जाळायचं नाही, त्याचं फळही खायचं नाही, असं त्याच्या आजोबांनी, सोनबांनी, त्याला बजावलं होतं.

महाळुंगे पडवळमध्ये लोणीकरांचं घर एकच, आणि घरात माणसं दोन, सोनबा आणि गोरक्ष. गावात कुणी वारलं की त्याची सगळी भावकी सुतक पाळायची. दहा दिवस पूजा नाही, गोडधोड नाही. परवा शेजाऱ्यांच्या दहाव्याहून आल्यावर सोनबा जेवता जेवता म्हणाले होते, “मी गेलो की सुतक तू एकटाच धरशील, बाळा.” तेव्हापासून गोरक्षाला घास गोड लागत नव्हता.

हर्षालीला हे कळलं आणि तिने बेतच आखला. लोणीकर म्हणजे लोणीचे. तिथे लोणीकरांची अख्खी आळी सापडणार!

मंचरला एसटी बदलून तिघं लोणीत उतरली. पारावर संपतराव पत्ते पिसत बसले होते.

“लोणीकर? आरं, हितं त्या नावाचं कुत्रं बी न्हाई,” ते म्हणाले. “चुकीच्या गाडीत बसलात पावणं. आल्या वाटंनं घरी जा.”

सगळा पार हसला. गोरक्ष स्टँडकडे वळला. आपलं नाव आपल्यालाच वाऱ्यावर सोडून गेलं, असं त्याला वाटलं.

अमृतने त्याला धरून थांबवलं. आपल्या महाळुंग्यात तरी कुणी महाळुंगकर आहे का, असं त्याने विचारलं. हर्षालीने कपाळावर हात मारला. गाव सोडून गेलेल्यालाच परगावचे लोक त्याच्या गावाच्या नावाने ओळखणार. गोरक्षाच्या माणसांचं इथलं आडनाव वेगळंच असणार! पण मग ओळखायचं कसं?

गोरक्ष ओढ्याकडे बघत होता. तिथे जांभळाखाली पोरांची झुंबड उडाली होती, आणि एक मुलगी लांब दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ते बसणं त्याला चांगलंच ठाऊक होतं. तो सरळ तिच्याकडे गेला.

“तू का खात नाहीस?”

“आमचं देवक हाय ते,” ती म्हणाली.

तिचं नाव इंद्रायणी वाळुंज. तिने तिघांना घरी नेलं. तिच्या आजीने, सारजाबाईंनी, आधी पाणी दिलं, येण्याचं कारण ऐकलं, मग गोरक्षाच्या पणजोबांचं नाव विचारलं.

“भिमाजी.”

सारजाबाईंनी गोरक्षाला जवळ ओढलं. त्यांच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ भिमाजी दुष्काळात बैल घेऊन चाऱ्याच्या शोधात गेला, तो परतलाच नव्हता. त्यांनी पारावरून संपतरावांना बोलावून घेतलं. ते त्यांचेच चिरंजीव निघाले.

“घरचं माणूस दारात आलं, अन् तू त्याला गाडी दावतो?” त्या म्हणाल्या. “तुझ्यापरीस ही पोरं लई शहाणी.”

संपतरावांनी मान खाली घातली आणि जीप काढली. वाटेत गोरक्षाने आजोबांचं सुतकाचं बोलणं सांगितलं. महाळुंग्यात सोनबांना बघताच सारजाबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला. “भावजी, तुमी गेलात तर आमची सारी घरं सुतक धरतील.”

“अन् तुम्ही आधी गेलात तर?” सोनबांनी विचारलं.

“मग तुमी धरा की.”

दोघंही हसली, आणि बराच वेळ डोळे पुसत राहिली.

भाद्रपदात शाळेत गणपतीची आरती चालली होती. गोरक्ष बाहेर व्हरांड्यात एकटाच उभा होता. गुरुजी प्रसाद घेऊन आले. त्याने हात मागे घेतले.

“मला सुतक आहे गुरुजी. लोणीच्या सारजाआजी गेल्या.”

“तुझ्या कोण त्या?”

गोरक्ष स्पष्ट म्हणाला, “आमच्या भावकीतल्या.”