पाकिटावरचं नाव

नुजहत भोरच्या कॉलेजात झाडांवरच्या रोगांचा अभ्यास करायची. १९९८च्या ऑक्टोबरात ती पासलीला गेली, अंजनीच्या झुडपावरचा तांबेरा आणायला. त्याची कॉलेजच्या संग्रहात एकच नोंद होती, १९६१ची. पाकिटात एक रोगट पान, वर गाव, तारीख आणि 'दाखवणार : बनाबाई'. सदतीस वर्षांचं ते पान अजून हिरवं होतं. संग्रह सांभाळणारे जलालचाचा म्हणायचे, पानं वाळवायला जुन्या लोकांचा हातच चांगला. नुजहतला ते पटायचं नाही, पण चाचांशी वाद कोण घालणार!

पासलीत बनाबाईची धाकटी बहीण बाळाबाई भेटली. म्हातारी बांधावरून अशी तुरुतुरु चालली, की नुजहतलाच धाप लागली. झुडपाच्या एकाच पानावर तांबेऱ्याची नारिंगी पूड होती. नुजहतने आधी नोंदवहीत लिहिलं, मग पानासोबत ठेवायच्या चिठ्ठीवर.

"काय लिवलं, बाय?"

"तुमचं नाव, मावशी. तुम्ही दाखवलंत ना."

बाळाबाईचा चेहरा उतरला. "आक्काचं बी असंच लिवलं व्हतं. सायब गेलं... आन आठ दिसांत आक्का वाळली. आंगूळ घालताना अंग पाचोळ्यावानी चुरत व्हतं. फाडा ते."

एवढी शिकलेली नुजहत, तिला हसू यायला हवं होतं. तिच्या अंगावर काटा आला. चिठ्ठी फाडून तिने तुकडे ओढ्यात सोडले.

पान आणि वही चाचांकडे देऊन ती मावसबहिणीच्या लग्नाला शिवऱ्याला गेली. आठव्या दिवशी सकाळी परतली, तर पाकीट तयार होतं.

"चिठ्ठी कुठं तरी पडलेली दिसते," चाचा समाधानाने म्हणाले. "वहीवरून नवी केली. काही सोडलं नाही."

वळणदार अक्षरात बाळाबाईचं नाव. आत पान हिरवंगार. तिने चिठ्ठी फाडली होती, वही तशीच राहिली होती. चाचा "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिने ब्लेडने वहीतलं आणि पाकिटावरचं नाव खरवडून काढलं आणि मिळेल ती एसटी धरली.

दुपारी बाळाबाईच्या दारात सून अश्विनी उभी होती. घाबरलेली.

"आत्या कुठं गेल्या कळंना. आठ दिस नुसत्या वाळत चालल्या व्हत्या... पण व्हत्या. पेज बी पिल्या."

आत घोंगडीवर लुगडं होतं. सोडून ठेवलेलं नव्हे, नेसलेलं. निऱ्या खोचलेल्या, चोळीची गाठ मारलेली, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि सगळं कागदासारखं सपाट. बाह्यांच्या तोंडाशी बांगड्या होत्या. एकही फुटली नव्हती.

"कधीपासून... दिसत नाहीत?"

"धा वाजता म्या पान्याला गेले, तवा बोलत व्हत्या," अश्विनी म्हणाली. "बोलता बोलता म्हनल्या, कुनी तरी मला खरवडतंय गं."