‘आता चाला’

जास्त पळालं की वेग वाढायला हवा ना? मग खो-खोच्या पोरी दिवसेंदिवस हळू का होत चालल्या होत्या? कर्णधार शाल्मलीला हे कोडं सुटलं खरं, पण तोवर फार उशीर झाला होता.

त्यांचा सराव भिडू नावाचा यंत्रमानव घ्यायचा. मनगटावरच्या पट्ट्यांवरून प्रत्येकीच्या हृदयाचे ठोके त्याला कळत. तो पोरींना जीव तोडून पळायला लावायचा आणि लगेच म्हणायचा, “आता चाला.” पुन्हा पळा, पुन्हा चाला.

“आळशी कुठला!” शाल्मली चिडायची. सरावाच्या सूचना बदलायचा अधिकार कर्णधाराला होता. तिने सरळ ‘आता चाला’ काढून टाकलं.

“हे चुकतंय, शाल्मली,” भिडू म्हणाला.

“तू गप रे!”

बाकीच्या कुरकुरल्या, पण गिरिजा नाही. तिची जिवलग मैत्रीण ती. “तू म्हणशील तसं,” म्हणून दमली तरी पळत राहिली. राज्य संघाची निवड तोंडावर आली असताना ती मैदानातच कोसळली. पोटरीचा स्नायू फाटला होता. लहान गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि ते हातचं गेलं.

बैल गेला नि झोपा केला, तशी शाल्मली खांबाला टेकून भिडूला विचारत होती, “माझं काय चुकलं?”

“स्नायूंत झटपट ऊर्जेचा छोटासा साठा असतो,” भिडू म्हणाला. “जोरात पळालं की तो भराभर संपतो. चालताना हृदय प्राणवायू (श्वासातून मिळणारा वायू) पोचवतं आणि साठा पुन्हा भरतो. म्हणून पुढची धावही जोरात होते. अशा आलटूनपालटून व्यायामाने हृदय बळकट होतं. याला तीव्र विराम-व्यायाम (थांबत थांबत, पण पूर्ण जोर लावून केलेला व्यायाम) म्हणतात. विराम काढला, की उरतो नुसता थकवा. आणि थकलेला स्नायू लवकर दुखावतो.”

“मला हे कसं सुचलं नाही?”

“तुमच्याच खेळात आहे ते. खो देणारी खाली बसते आणि ताजी उठून पळते.”

शाल्मलीला रडू आवरेना. रोज खो देऊन ती स्वतः बसत होती, आणि गिरिजाला मात्र तिने बसू दिलं नव्हतं.

ती गिरिजाच्या घरी गेली. “माझ्यामुळे झालं. माफ कर.”

“मला तुझा खूप राग आलाय,” गिरिजा म्हणाली. “तो लगेच जाणार नाही.”

शाल्मलीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने ‘आता चाला’ पुन्हा सूचनांत घातलं.

आठवड्याने गिरिजा कुबडी टेकत मैदानावर आली आणि भिडूशेजारी बसली. शाल्मली पळत सुटली होती. गिरिजाने शिट्टी फुंकली.

“आता चाल,” ती म्हणाली. “आणि पोटरी बरी झाली की माझ्याबरोबर असाच सराव कर. पुढच्या वर्षी मोठ्या गटात यायचंय मला.”

शाल्मली चालू लागली. गिरिजाची खेळायची जागा रिकामी होती. तिथे दुसऱ्या कुणाला बसवायला शाल्मलीचं मन धजेना.