गाठ नसलेली फाईल

कल्पना करा, मुलांनो, की तुम्हीही त्या खोलीत आहात. नीट बघा. दिव्यानीला जे दिसलं, ते सगळं तुम्हालाही दिसणार आहे.

धानोऱ्याच्या वाटेवरचं एक लहानसं शहर. मे महिन्यातला रविवार, सकाळचे पावणेअकरा. केबल ऑफिसमागची खोली, निळा पडदा, एकच कॅमेरा. दर रविवारी अकरा वाजता नगराध्यक्ष सुगंधाबाई इथून 'विचारा बाईले' हा कार्यक्रम करतात.

त्यांनी टेबलावरच्या फाईलला हात लावला. नाडीला गाठ नव्हती. दोन्ही टोकं पिळून खाली खोचलेली होती, बोट लागताच सुटली. आत वरच्या निम्म्या कागदांची लिहिलेली बाजू खाली होती, खालच्या निम्म्यांची वर.

"रिपोर्ट कुठी गेला?" बाई म्हणाल्या.

नव्या टाकीच्या पाण्याचा तो तपासणी अहवाल. सकाळीच आलेला, एकच प्रत. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: पिण्यास अयोग्य. बारा वाजता त्याच टाकीचं उद्घाटन होतं. कागद दाखवला नाही, तर दुपारपासून सगळं शहर ते पाणी पिणार.

शेजारच्या खुर्चीवर सातवीतली दिव्यानी बसली होती. चाचणीसाठी सोडलेलं ते पाणी पिऊन तिचा धाकटा भाऊ चार दिवस आजारी होता. ती प्रश्न विचारायला आली होती, त्याच पाण्याची बाटली घेऊन.

बाईंनी दाराला कडी घातली.

"गुणवंतराव, मी या पोरीले आणाले गेटवर गेली, तेव्हा इथी कोण होतं?"

"आम्ही तिघंही येऊन-जाऊन होतो, बाई," केबलचे मालक म्हणाले. "मी मूळचा वरोऱ्याचा, कापसाच्या धंद्यातला. तुमचा कागद घेऊन काय गादी भरू?"

"तू रे, विक्की?"

"मी वायर जोडून राह्यलो होतो," कॅमेरावाला म्हणाला. "मी फाईल बांधली असती तं चिकटपट्टी दिसली असती. माह्यं सारं घर चिकटपट्टीवर उभं आहे."

"प्रफुलसाहेब?"

टाकीच्या कामावरचे इंजिनीअर मांडीवर हेल्मेट धरून बसले होते. "मी फक्त उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला आलो, मॅडम. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलोय मी. तेंदूचं पान कोणतं आणि पळसाचं कोणतं, तेही मला कळत नाही."

घड्याळात अकरा वाजले.

"बाई, आज गाणी लावू," गुणवंतराव हळूच म्हणाले. "मोठ्या लोकाइचा फोन आला तं माह्यं केबल बंद होईल."

"लोकं मले बघाले बसले आहेत. विक्की, कॅमेरा चालू कर. कागद नाई तं नाई, तोंड आहे ना माह्यं!"

लाल दिवा लागला. बाईंनी ती सुटलेली फाईल कॅमेऱ्यासमोर धरली. "आमच्या पाण्याचा रिपोर्ट या खोलीतून चोरीले गेला. चोर अजून इथंच आहे."

"बाई," दिव्यानी म्हणाली, "तुम्ही नाडी कशी बांधता?"

"दोन गाठी मारते. काऊन?"

"मंग ही तुमची बांधणी नाई. उन्हाळ्यात मी अन् माही माय, रुखमा, बिडीसाठी तेंदूची पानं तोडून आणतो. पुडा बांधताना अर्धी पानं इकडून लावतो, अर्धी तिकडून. पोटं आत, पाठी बाहेर. दोरीले गाठ मारत बसलं तं दिवस पुरत नाई, म्हणून पीळ देऊन टोक खोचतो. चोराच्या हातून कागद सांडले. त्यानं घाईत गोळा केले, अन् हातानं जे येते तेच केलं. फाईलचा पुडा बांधला."

"पण कोणी?" बाईंनी विचारलं.

"विक्कीभाऊ चिकटपट्टीवाले. गुणवंतरावभाऊ कापसाचे. अन् तेंदूच्या पानाचं कोणी विचारलंच नव्हतं. साहेब आपणहून म्हणाले, मले पान कळत नाई."

प्रफुल ताडकन उठले. "पोरखेळ आहे हा! पाणी एकदम चांगलं आहे!"

दिव्यानीनं बाटलीतलं पिवळसर पाणी ग्लासात ओतलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"प्या ना, साहेब."

कॅमेरा ग्लासावर होता. प्रफुलनी हात पुढे केला, मागे घेतला. मग ते खुर्चीत बसले आणि हेल्मेटच्या अस्तरातून घडी केलेला कागद काढला.

"मी पाणी न तपासताच चांगलं म्हणून सही केली होती, बाई. नोकरी गेली असती." त्यांची भाषाच बदलली होती. "मी ऊर्जानगरचा नाई. धानोऱ्याकडल्या पाड्यावरचा आहो. मायनं तेंदू तोडूनच मले शिकवलं."

"तेंदू बांधणाऱ्या त्या हाताची लाज काऊन वाटली तुले?" सुगंधाबाई म्हणाल्या. "लाज सहीची वाटू दे."

गुणवंतरावांचा फोन वाजू लागला. नाव बघून त्यांचा चेहरा उतरला. "बंद करा म्हणतीन, बाई."

"वाजू दे. दिव्यानी, तुह्या भावानं भोगलं. तूच वाच."

दिव्यानीचं तोंड माईकपर्यंत पोचत नव्हतं. तिनं चपला काढल्या, खुर्चीवर चढली, कागद दोन्ही हातांनी ताणून धरला आणि वाजणाऱ्या फोनपेक्षा मोठ्या आवाजात पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.