दोन डीए आणि बबनरावांचं बॉनेट

जगातली सगळी मोठी रहस्यं काळोखात, वादळात आणि निर्मनुष्य जागी घडतात. हे रहस्य मात्र सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, जाम गावच्या चौकाला लागून घडलं. आजूबाजूला चार ट्रक, दोन चहाच्या टपऱ्या आणि समुद्रपूरच्या बसची वाट पाहणारी वीसेक माणसं होती. कुणालाच काही दिसलं नाही.

त्याआधी तासभर मात्र सगळं छान चाललं होतं.

"शुभम, पट्टी सरळ लाव! ही बबनरावांची गाडी आहे, तुझी भूमितीची वही नाई!"

तेरा वर्षांची शालू काळ्याभोर गाडीच्या बॉनेटवर वाकून धाकट्या भावाला दटावत होती. बॉनेटच्या बरोब्बर मध्यावर वरपासून खालपर्यंत कागदी चिकटपट्टी लागली. दिवाळीच्या सुट्टीत ही दोघं समुद्रपूरहून सरिताआत्याकडे आली होती. आत्याचं जामला गाड्या पॉलिश करण्याचं दुकान होतं, आणि आज तिथे सामना होता!

"डावी बाजू लाल मशीनची, उजवी निळ्या मशीनची," आत्या म्हणाली. "लाल आपली जुनी. निळी नागपूरच्या मुकेशनं आठ दिवस वापरून पाहाले देल्ली. जी भारी, ती ठेवायची. दोन्ही डीएच आहेत."

"डीए म्हणजे?" समीक्षानं विचारलं. आत्याच्या दुकानात काम करणाऱ्या धनंजयकाकांची ही अकरा वर्षांची मुलगी. तिच्या शंका संपल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"ड्युअल अ‍ॅक्शन. फोमची चकती गोल फिरते, अन् फिरता फिरता डुलतेही. एका वेळी दोन चाली. म्हणून रंग एका जागी तापत नाई. लाल मशीन आठ मिलिमीटर डुलते, निळी पंधरा."

दाराशी खुर्चीत पेंगणारे भैय्याजी खाडकन जागे झाले. ते आत्याचे वडील, मुलांचे आबाजी. एसटीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या लेखी डीए एकच, महागाई भत्ता!

"डीए पंधरा झाला? कधीपासून?"

"मंगळवारपासून, आबाजी," शुभम गंभीरपणे म्हणाला. "पन तुमाले लागू नाई!"

सामना सुरू झाला. लाल मशीन मधमाशीसारखी गुणगुणत निघाली. दिव्याजवळच्या बाकदार भागावर, जाळीच्या कोपऱ्यात, जिथे बोट जायला कुरकुर करेल तिथेही ती शहाण्यासारखी वळली. अर्धं बॉनेट व्हायला चौदा मिनिटं लागली.

निळीनं नऊच मिनिटं घेतली! सपाट जागेवर ती अशी सरकत गेली की जणू रंगावर तेल नाही, तीच ओतली आहे. मागे उरलं ते काळं नव्हतं, ते खोल होतं. शुभमनं वाकून पाहिलं तर त्यात आभाळ, एक बगळा आणि त्याच्या स्वतःच्या नाकपुड्या स्पष्ट दिसत होत्या.

"कोपऱ्यात मात्र उड्या मारते," आत्या म्हणाली, पण तिचे डोळे चमकत होते. तिनं पट्टी काढली. "चला, नाश्ता करून घेऊ."

सगळे समोरच्या टपरीवर गेले. आबाजी तेवढे दुकान सांभाळायला थांबले.

बारा वाजता बबनराव अल्लीपूरहून आले. उद्या त्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. गाडीभोवती एक चक्कर मारून ते बॉनेटपाशी थांबले, आणि त्यांच्या मिशा हळूहळू आडव्याच्या उभ्या झाल्या.

"सरिताबाई, हे काय होय?"

सगळे धावले. उन्हात बॉनेटभर बारीक, पांढुरके ओरखडे चमकत होते!

"गेल्या आठवड्यात माह्या साडभावाच्या गाडीवरही असेच होते. मी म्हटलं, चुकून झालं असन," बबनराव म्हणाले. "पाच वाजेपर्यंत पाहातो. नाई तं गाडी नागपूरले नेतो, अन् काऊन नेली ते समद्या अल्लीपुराले सांगतो!"

ते गेले. आत्या पायरीवर बसली. हायवेवर बाईनं पॉलिशचं दुकान काढलं तेव्हा लोक हसले होते. दोन वर्षं राबून तिनं त्यांचं हसू बंद केलं होतं. आता ते पाच वाजता पुन्हा सुरू होणार होतं.

"निळीचाच प्रताप!" धनंजयकाकांनी निकाल दिला. "आठ दिवस झाले ते येऊन, अन् आठ दिवसांपासूनच तक्रारी! मुकेशले बोलवा अन् परत करा."

"मशीनच्या कामात माया नसते, बाई," आबाजी खुर्चीतूनच म्हणाले. "मी पहिलेच सांगत होतो."

मुलं मागच्या अंगणात जमली. तिथे भंगारातून आणलेलं एका जुन्या जीपचं काळं दार भिंतीला टेकून उभं होतं.

"निळी मशीन दोषी वाटत नाई मले," शालू म्हणाली. "एवढं सुंदर काम करनारी मशीन मागून ओरबाडन काऊन?"

"मांजर नाई का, लाडात येते अन् बोचकारते!" समीक्षा म्हणाली.

"मग तपासून पाहू!"

शुभमनं स्केचपेननं निळीच्या चकतीच्या कडेला एक रेघ ओढली, म्हणजे चकती फिरते की नाही ते कळावं. शालूनं बोलावून आणलेल्या धनंजयकाकांनी मशीन दारावर टेकवली आणि सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी दाबली. रेघ थबकली! मशीन घुरघुरत होती, थरथरत होती, पण चकती फिरत नव्हती.

"बाबा! तुमी मशीन चालवून राह्यले का तिच्यावर बसून राह्यले?" समीक्षा ओरडली.

"जोर लावल्याबिगर चमक येते का, बे?"

"सोडा बरं जोर!"

काकांनी हात सैल केले. रेघ गरगर फिरत दिसेनाशी झाली. मशीनला फक्त तिचं स्वतःचं वजन हवं होतं. काका लाजले. बावीस वर्षं घासत आलेल्या माणसाला एका स्केचपेननं शिकवलं होतं.

"सापडला चोर!" शुभम नाचू लागला.

पण शालूनं दार उन्हात फिरवलं. दाबलेली जागा मंद होती, तिला चमक चढली नव्हती. ओरखडा मात्र एकही नव्हता! मग लाल मशीन चालवून पाहिली. तिथेही नाही.

शुभमचं नाचणं थांबलं.

शालू तडक बॉनेटपाशी गेली आणि नाक टेकेल इतकी वाकली. मग तिनं एका लांब ओरखड्यावरून हवेतच बोट फिरवलं. डावीकडून निघालेलं बोट मध्य ओलांडून उजवीकडे गेलं.

"ऐका!" ती कुजबुजली. "मध्यात पट्टी होती. लाल इकडे थांबली, निळी तिकडे थांबली. अन् हा ओरखडा तं मधातून सरळ गेला! म्हणजे पट्टी काढल्यावर झाला. तवा मशीनी बंद होत्या!"

"अन् आपन पोहे खात होतो," शुभम म्हणाला.

समीक्षाचं लक्ष भलतीकडेच होतं. काचेखालच्या फटीतून तिनं चिमटीनं काहीतरी ओढून काढलं. कापसाचं बोटभर पुंजकं! त्यात एक सरकी होती आणि बोंडाच्या वाळक्या टरफलाचा टोकदार तुकडा. तिनं तो तळहातावर ओढला. "आई गं!"

"कापूस! म्हणजे पुरावा!" शुभम म्हणाला.

"जाममध्ये, वेचनीच्या दिवसात, कापूस म्हणजे पुरावा?" शालू म्हणाली. "मग अर्ध्या तालुक्याले पकडा लागन!"

पुरावा निकामी होता, म्हणून सापळा लावायचं ठरलं.

तीन वाजता आत्यानं जीपचं दार निळ्या मशीननं आरशासारखं केलं. ते दुकानात ठेवून शालू मोठ्यानं म्हणाली, "झालं! चला समदे चहा घ्याले! आबाजी, लक्ष ठेवजा!"

सगळे बाहेर पडले आणि टायरच्या ढिगाऱ्याआड दबा धरून बसले. काकांना शिंक आली. समीक्षानं त्यांचं नाक दाबलं.

दोन मिनिटं गेली. आबाजी उठले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीखालून कापडी पिशवी ओढली, मूठभर पांढराशुभ्र कापूस काढला आणि दारावरून लांब, मायेचे हात फिरवायला सुरुवात केली. एक हात. दोन हात. तिसऱ्याला मुलांनी हल्ला केला!

"आबाजी!"

"दचकावता काऊन, बे?" आबाजी जराही ओशाळले नाहीत. "शेवटचा हात फिरवून राह्यलो. आठ दिवस झाले, समद्या गाड्यांवर फिरवतो. आपल्या वावरातला, पहिल्या वेच्याचा कापूस! याच्याहून मऊ जगात काही असते का?"

"मग मघाशी सांगितलं काऊन नाई?"

"मले कोनं विचारलं?"

शालूनं तीच मूठ हळूच त्यांच्या गालावरून फिरवली. आबाजींनी "हायऽ" केलं. मग मूठ उघडून त्यांनी नीट पाहिलं. त्यात सरकी होती, वाळकी पाती होती, टरफलं होती. आयुष्यभर कापूस पिकवलेल्या घरातला तो माणूस बराच वेळ आपल्या कापसाकडे पाहत राहिला.

"बाई," ते आत्याला म्हणाले, "तुह्या दुकानात आपलंही काही असावं वाटलं, म्हनून..."

आत्या रागावणार होती. पण राग तोंडापर्यंत येईस्तोवर बदलला. "मग माह्याजवळ उभे राहा, बाबा. पट्टी तुमी लावा. कापूस मात्र घरी ठेवा!"

घड्याळात साडेतीन वाजले होते. आबाजींनी दिवे आणि जाळी यांच्या कडांना पट्ट्या लावल्या, आणि एकही वाकडी गेली नाही. सपाट भाग निळीनं घेतला, बाकदार भाग आणि कोपरे लालनं. दाबायचं नाही, म्हणून काका चक्क ओठ दाबून मशीन धरत होते! शेवटी आत्यानं मऊ, धुतलेल्या फडक्यानं गाडी पुसली.

पाच वाजता बबनराव आले. त्यांनी उन्हाच्या बाजूनं पाहिलं, सावलीच्या बाजूनं पाहिलं. मग टोपी काढून बॉनेटमध्ये बघत केस नीट केले.

"कोनती मशीन जिंकली?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," आत्या म्हणाली. "मुकेशले सांगितलं, निळी ठेवतो. अन् चोर या पोरांनी पकडला."

सगळी हकीकत ऐकून बबनरावांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "पोलिसांत जा रे बाबा! अन् सरिताबाई, साडभावाची गाडी उद्याच धाडतो. अल्लीपुराले सांगनार होतो ना? सांगतो. समद्याले सांगतो!"

गाडी अल्लीपूरच्या दिशेनं निघाली तेव्हा तिच्या काळ्या पाठीवर अख्खा मावळता सूर्य बसला होता. आबाजींनी तिला हात केला. चौकातले दोन ट्रकवालेही वळून पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी साक्षगंधाच्या मांडवाची धूळ बसू नये म्हणून बबनरावांनी गाडीवर दिवसभर ताडपत्री टाकून ठेवली, आणि पाहुण्यांपैकी कुणालाच ती चमक दिसली नाही.