भरल्या टाकीवर बंद पडणारी पिकअप

“माझा दीर गाडी मुद्दाम बंद पाडतो,” बाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. “आज संध्याकाळी तो घर सोडतोय. मीच सांगितलंय. जायच्या आधी मला पुरावा हवाय, नवऱ्याला काय सांगू नाहीतर?”

खुट्ट खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होता. कुठं जरा खुट्ट झालं की या तपासनीसाचा कान तिकडं, म्हणून हे नाव. त्याचा जोडीदार सावकाश अजून पेनाचं टोपण काढत होता.

बाईंची रोपवाटिका होती. नवरा बोटीवर नोकरीला, घरी सासरे आणि दीर. जुन्या पेट्रोल पिकअपमधून दीर लांब लांब रोपं पोचवायचा. हल्ली भर रस्त्यात इंजिन आचके द्यायचं आणि बंद. उन्हात रोपं माना टाकायची. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती.

“तुम्ही चालवता तेव्हा?” खुट्टनं विचारलं.

“मी गावातल्या गावात फिरवते. एकदाही नाही. नखरे त्याच्याच हातात. आणि ऐका, बंद पडली की तो टाकीचं झाकण उघडतो, काहीतरी करतो, की गाडी चालू. आमच्या माळ्यानं डोळ्यांनी पाहिलंय. स्वतःच रोग द्यायचा, स्वतःच औषध. गाडी विकायचीय त्याला.”

“कधीपासून हे?”

“मी गाडी धुऊन चकाचक केली ना, त्यानंतर लगेच.”

खुट्टनं चपला घातल्यासुद्धा.

गॅरेजात मिस्त्री हात पुसत बाहेर आला. “प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला. दिवसभर चालू ठेवली. मख्खन.”

“पेट्रोल कुठलं?”

“टाकीत घाण असेल म्हणून टाकी सोडवून ठेवली होती. कॅनमधून नळी टाकली.”

“म्हणजे गाडीत दोष नाही,” सावकाश म्हणाला. “दीरच.”

“तू घाई कधीपासून करायला लागलास?”

बाईंच्या स्वयंपाकघरात सासरे सिंकखाली आडवे झाले होते. जुने प्लंबर. नखांत राखाडी लगदा अडकलेला.

“गळती दिसली की हात शिवशिवतात,” ते उठत म्हणाले. “गच्चीवर मात्र सूनबाई चढू देत नाही. गुडघे गेलेत ना. पाणी घ्या.”

पेल्यात वाळक्या पानांचा चुरा तरंगत होता. सावकाशनं बोटानं बाजूला केला आणि प्यायला. खुट्टनं पेला उजेडात धरला.

“नळाला नेहमी असं येतं?”

“बरेच दिवस झाले. सूनबाई गाळून घेते. मी विसरतो.”

दीर अंगणात पिकअपच्या चाकात हवा भरत होता.

“जाताय ना?” सावकाशला राहवलं नाही.

“जातोय. पण गाडी नीट ठेवून जावं म्हटलं.”

खुट्टचा पाय ठरत नव्हता. “निघताना टाकी फुल्ल असते?”

“लांब जायचं तर फुल्लच करतो.”

“बंद पडली की झाकण का उघडता?”

“पहिल्यांदा पेट्रोल बघायला उघडलं. फुस्स झालं आणि गाडी चालू झाली. तेव्हापासून उघडतो. का चालू होते, मला नाही कळत. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, नाटकं बंद कर.”

खुट्टनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. पिकअपचं झाकण काढून उलटं केलं. रबराच्या कडीच्या मधोमध राखाडी ठिपका होता, दगडासारखा घट्ट.

“इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा टाकीत यायला हवी. त्यासाठी झाकणाला भोक असतं, या ठिपक्याखाली. ते बुजलं की पेट्रोल पुढं सरकत नाही, इंजिन उपाशी. झाकण उघडलं की हवा आत शिरते, फुस्स. भरल्या टाकीत हवा आधीच कमी, म्हणून लांबच्या फेरीत दम लवकर कोंडतो. बाई, तुमची फेरी तेवढी लांब नसतेच. आणि गॅरेजात तर टाकी जोडलेलीच नव्हती.”

“पण बुजवलं कुणी?” सावकाशनं विचारलं.

“ज्यांच्या नखांत गळती बुजवायचा हाच लगदा आहे त्यांनी.”

सासरे चपापले. “अगं, तूच म्हणालीस ना? गाडी धूत होतीस. म्हणालीस, बाबा, टाकीच्या झाकणाला भोक आहे, कचरा पडतोय आत, बुजवून घ्या.”

बाईंचा चेहरा उतरला. “मी गच्चीवरच्या टाकीचं बोलत होते. कुणाकडून तरी बुजवून घ्या म्हणून.”

“गच्चीवर मला बंदी. समोर पिकअप. टाकी आहे, झाकण आहे, भोक आहे. मी बुजवलं.”

“आणि पाण्याची टाकी राहिली तशीच,” खुट्ट म्हणाला. “म्हणून नळाला पानं.”

सावकाशनं पोटावर हात ठेवला.

दीर फाटकाकडे निघाला होता. बाई मागोमाग गेल्या.

“चुकलं माझं. जाऊ नकोस.”

“माझ्याबद्दल रोपवाटिकेत सगळ्यांसमोर बोललात, वहिनी.”

“सांगेन त्यांना उद्या.”

“उद्या तुम्हाला काही काम निघेल.”

बाई रोपवाटिकेकडे वळल्या. मग त्यांनी माळ्याला हाक मारली. “इकडं ये. बाकीच्यांनाही घेऊन ये.”

हातातली कामं टाकून माणसं गोळा झाली. बाई बोलू लागल्या. आधी अडखळत, मग स्पष्ट. दीर उघड्या फाटकाची कडी धरून ऐकत राहिला.

त्यांचं बोलून झालं. मग त्यानं फाटक ओढलं आणि कडी आतून लावली.