नमुन्याचं बोर्ड

जळलेल्या सर्किट बोर्डाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. घरी दूध करपलं तरी वहिनींना आधी आपलं दुरुस्तीचं दुकानच आठवायचं. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, कारण त्यांचा दीर म्हणायचा, आणि दीर दुकानात समोरच्याच टेबलावर मोबाइलच्या काचा बदलत दिवसभर गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. नवरा जहाजावर. घरी सासरे, सगळ्यांचे दादा, आणि त्यांच्या उशाशी हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं मशीन. ते रात्रंदिवस घरघरत असे.

बाकीचे दुकानदार ज्या बोर्डांना लांबूनच हात जोडत, ती वहिनींकडे येत. पाण्यात बुडालेली, उंदरांनी मुतलेली, मधोमध जळून भोक पडलेली. वहिनी भिंग लावून आधी सगळं काळं खरवडून काढत. जराशी काजळी राहिली तरी वीज तिच्यातूनच वाट काढते आणि पुन्हा जाळते. मग जिथे तांब्याची रेघ तुटली असेल तिथे केसासारखी तार जोडायची आणि ती हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब. यासाठी वेगळं वॉर्निश मिळतं, पण वहिनींना नेलपॉलिशच बरं वाटे. वांगी रंगाचं. "माझ्या नखांना काही योग नाही, निदान यांना तरी लागू दे," असं त्या म्हणायच्या.

शिंपी आला तेव्हा दुकान नुकतंच उघडलं होतं. पन्नाशीचा माणूस, गळ्यात टेप तसाच राहिलेला. त्याने कापडी पिशवीतून बोर्ड काढून टेबलावर ठेवलं आणि वहिनींनी बघताक्षणी ओळखलं. दादांच्या मशीनमध्ये होतं तेच. फक्त याचा मधला भाग कोळसा झाला होता.

"आईचं मशीन आहे," तो म्हणाला. "कंपनी आता हे बनवत नाही म्हणे. सध्या सिलिंडरवर ठेवलंय तिला. मिळतोय तोवर मिळतोय."

"ठेवून जा. बघते."

"बसतो ना इथेच. घरी गेलो की ती विचारणार, सुई सापडली का रे?"

"कसली सुई?" दिराने मान वर न करता विचारलं.

"गादीत हरवलीय म्हणते. आजारी पडल्यापासनं हेच. दिवसभर चादर चाचपत असते. सुई नाही की काही नाही. मी 'सापडली' म्हटलं की हात थांबतो, झोपते. उठली की पुन्हा तेच." तो ओशाळून हसला. मग वहिनींच्या ॲप्रनकडे बोट दाखवून म्हणाला, "खिसा लोंबतोय तुमचा. द्या इकडे, बसल्या बसल्या घालतो चार टाके."

त्याने निळ्या दोऱ्याने खिसा शिवून दिला. टाके इतके बारीक, की वहिनींनी ते भिंगाखाली धरून पाहिले. आपल्यासारखाच हा पण, त्यांच्या मनात आलं. फाटलेलं हातात आलं की राहवत नाही.

म्हणूनच त्यांनी ती चूक केली. मधला भागच जळालेला, कुठली रेघ कुठे जात होती ते कळायला मार्ग नव्हता. शेजारी एखादं धडधाकट बोर्ड ठेवून बघत बघत काम करायचं, एवढाच उपाय. आणि धडधाकट बोर्ड एकच होतं. चालत्या मशीनमधलं बोर्ड नमुन्यासाठी काढायचं नाही, हे वहिनी दुसऱ्यांना बजावत आल्या होत्या. तरी त्यांनी घरी जाऊन दादांना जादा सिलिंडरवर ठेवलं, मशीन उघडलं आणि बोर्ड दुकानात आणलं. दुपारपर्यंत परत बसवू, असं स्वतःला सांगितलं.

"चला, घरात जरा शांतता तरी होईल," दीर म्हणाला.

तो गमतीत म्हणाला होता. पण मागे एकदा चहा पिताना तो असंही म्हणाला होता, "असं किती दिवस ओढायचं दादांना?" ते वाक्य वहिनींच्या मनात कुसळासारखं राहिलं होतं. दिसत नव्हतं, पण टोचत होतं.

काम दुपारपर्यंत झालं नाही, शिंपी परवा येतो म्हणून गेला. संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यातल्या रेघा तेवढ्या जुळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कापड बाजूला केलं, तर नमुन्याच्या बोर्डावर तांबूस डाग होता. बरोबर त्याच कोपऱ्यात.

त्यांनी शिंप्याचं बोर्ड पाहिलं. तो कोपरा स्वच्छ. म्हणजे बोर्डांची अदलाबदल झाली? पण तार आणि वांगी थेंब तर शिंप्याच्याच बोर्डावर होते. दुकानाच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या.

"भाऊजी, माझ्या टेबलाला हात लावलात का?"

"मी? तुमच्या टेबलावर कप ठेवायची माझी छाती होत नाही." तो हसला. पण हसू जरा उशिरा आलं, असं वहिनींना वाटलं.

त्यांनी नमुन्याच्या बोर्डाचे मोबाइलवर फोटो काढले. खूण म्हणून त्याच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका दिला, बोर्ड खणात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली. मग फोटो बघत दिवसभर शिंप्याच्या बोर्डावर काम केलं. काम छान उतरत होतं. हात असा चालत होता, की पूर्वी कधी चालला नव्हता. मधलं भोक भरत आलं.

संध्याकाळी खण उघडला तेव्हा आधी वास आला. ठिपका जागेवर होता. मधला भाग काळा पडला होता. खणाच्या लाकडाला साधी झळही लागलेली नव्हती.

दिराच्या टेबलावर गरम हवेची बंदूक होती. तो पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात वहिनींनी तिच्या तोंडाला बोट लावून पाहिलं. थंडगार. आपण हे काय करतोय, असं त्यांना वाटलं. वळल्या तर तो हातात पेला घेऊन दारातच उभा होता. घरी सिलिंडरचा काटा खाली सरकला होता.

पुढच्या दिवशी भर दुपारी वहिनींनी शटर अर्धं ओढलं.

"भाऊजी, खरं सांगा. दादा नकोसे झालेत का तुम्हाला?"

त्याने चिमटा खाली ठेवला. "मी हेच तुम्हाला विचारणार होतो."

"मला?"

"दादांचं अंग पुसायचं, भरवायचं, रात्री उठायचं, सगळं तुमच्याच गळ्यात. आणि चालतं मशीन उघडलं ते तुम्ही. मी तुमच्या हातांवर नजर ठेवून बसलोय वहिनी. दोन गिऱ्हाइकांच्या काचा फुटल्या त्या नादात."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. राग यायला हवा होता, पण आली ती लाज. आणि मागोमाग भीती. कारण तो खरं बोलत होता, आणि त्यांनीही काही केलं नव्हतं.

मग त्यांनी दोन्ही बोर्डं शेजारी शेजारी ठेवली. कुठेही वायर जोडलेली नव्हती, वीज नव्हती. दीर येऊन बाजूला उभा राहिला.

वहिनींनी शिंप्याच्या बोर्डावर एक तार जोडली. सोल्डर चमकलं.

वास आला.

नमुन्याच्या बोर्डावरचा हिरवा रंग आधी मळकट झाला. मग तपकिरी. मग काळा. धूर नाही, आवाज नाही.

वहिनींचा हात सरकला. सोल्डरिंग आयर्नचं टोक जोडावर टेकलं आणि तार सुटली.

नमुन्यावरचं काळं गेलं होतं. तिथे तांबं लखलखत होतं.

"काढा," दीर म्हणाला.

"त्याची आई आहे हो तिकडे..."

"वहिनी. काढा."

त्यांनी काढल्या. एकेक तार, एकेक वांगी थेंब. काजळी त्यांनी परत लावली नाही. शिंप्याच्या बोर्डावर ती आपली आपण आली.

शिंपी बोर्ड न्यायला आला तेव्हा वहिनी त्याच्या गळ्यातल्या टेपकडे बघत म्हणाल्या, "नाही होत हो हे."

त्याने बोर्ड उचलून पिशवीत ठेवलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही हात लावलात, खूप झालं," तो म्हणाला. मग त्याची नजर टेबलावरच्या दुसऱ्या बोर्डावर गेली.

"हे कोणाचं?"

"घरचं."

"छान आहे," तो म्हणाला आणि वाकून शटरखालून गेला.

घरी येऊन वहिनींनी बोर्ड मशीनमध्ये बसवलं. बटण दाबताच नेहमीची घरघर सुरू झाली. दादांच्या नाकाला नळी लावली. छातीची धाप हळूहळू बसली. "लागलं एकदाचं," म्हणत दीर डोळे पुसत चहा टाकायला गेला.

मशीनचं झाकण लावायचं राहिलं होतं. वहिनींनी स्क्रू-ड्रायव्हर ॲप्रनच्या खिशात टाकला आणि तो सरळ त्यांच्या पायावर पडला. खिसा लोंबत होता. निळा दोरा नव्हता. त्यांनी कापड उजेडात धरलं, भिंग लावलं. दोरा उसवला तरी कापडात भोकं राहतात. भोकंही नव्हती.

त्यांनी वर पाहिलं.

दादांचा हात चादरीवर होता. काठापासून सुरुवात करून तो बोटाबोटाने पुढे सरकत होता, सावकाश, टोचेल की काय अशा बेताने. लग्न होऊन आल्या दिवसापासून दादांनी त्यांना 'सूनबाई' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"सुई सापडली का रे?"

आवाज दादांचाच होता. स्वयंपाकघरात कपांची किणकिण थांबली.

"सापडली," वहिनी म्हणाल्या.

हात थांबला नाही.