अहल्यानं वाचलंय

इंदिरानगरच्या त्या शाळेत कॉम्प्युटर लॅब तिसऱ्या मजल्यावर होती. लॅबच्या कोपऱ्यात, बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनच्या आडोशाला शाळेची वेबसाइट टीम बसायची. टीम म्हणजे इनमीन तिघं. पण थाट असा, की अख्खं बंगळूर जणू यांच्याच साइटवर चाललंय!

लीडर संयोगिता, अकरावीतली. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे तिच्या मराठीत ‘ठीक’साठी ‘सरी’ आणि ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ हे कानडी शब्द न विचारता येऊन बसायचे. निधी अलीकडेच पुण्याहून आलेली, सर्जापूर रोडला राहणारी. साइटचं रंगरूप तिच्याकडे. आणि हयवदन, रोज आनेकलहून बसनं येणारा. कोड लिहिण्यात हुशार, पण घाई म्हणजे घाई.

त्या घाईपायीच निकालाच्या दिवशी घोळ झाला होता. हयवदननं चालू साइटवर थेट काहीतरी बदललं आणि पहिलीपासून बारावीपर्यंत अख्खी शाळा नापास दिसायला लागली. पहिल्या नंबरवालीसुद्धा! साइटची जबाबदारी असलेल्या श्यामला मिसनी तिघांना समोर उभं केलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पुन्हा घोळ झाला, साइट पडली, की काम बाहेरच्या कंपनीला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “टीम बंद.”

“नाही पडणार, मिस,” संयोगिता बोलून गेली. “ॲडमिशन उघडतील त्या सकाळीसुद्धा नाही.”

शब्द तर दिला. मग तिनं टीमला रिव्ह्यूची शिस्त लावली. कुणीही काही लिहिलं, की दुसऱ्यानं ते ओळ न्‌ ओळ वाचायचं, चुका लिहून द्यायच्या आणि पटलं तरच हिरवी टिक द्यायची. टिक मिळाल्याशिवाय काम साइटवर जाणार नाही. स्वतःच्या कामाला स्वतः टिक देता येणार नाही, ही सोय तिनं सिस्टिममध्येच करून टाकली. लीडरलाही सूट नाही.

हयवदन कुरकुरला, निधीनं तोंड वाकडं केलं, पण साइट सुधारली. पानं पटापट उघडायला लागली. संयोगिता वर्गातसुद्धा जरा ताठ बसू लागली.

मग एक दुपार आली. हयवदन हॉकीच्या मॅचला गेलेला, निधी मावसबहिणीच्या लग्नाला पुण्यात. लॅबमध्ये संयोगिता एकटी. तिनं ॲडमिशनचा फॉर्म लिहून रिव्ह्यूला टाकला आणि बाटली उघडून पाणी प्यायली. झाकण लावून वर बघते, तर हिरवी टिक.

नाव होतं अहल्या. खाली दोन ओळी: ‘ईमेल रिकामा राहिला तरी फॉर्म पुढे जातोय, ते बघ. आणि खिडकी लाव, डोळ्यांत धूळ जातेय तुझ्या.’

संयोगिता डोळेच चोळत होती. तिनं हात खाली घेतला.

मैदानावर सातवीची पोरं धावत होती, लाल धूळ उडत होती. व्हरांड्यात कुणी नव्हतं. आणि ईमेलची चूक मात्र खरी होती.

सोमवारी तिनं दोघांना गाठलं.

“ही अहल्या कोण?”

हयवदनचे कान लाल झाले. “अक्का, ओरडणार नाही म्हण आधी.”

“हयवदन!”

“खोटी मेंबर आहे. मीच अकाउंट काढलं. काय करू? निधीमॅडम एका टिकला अख्खा दिवस घेतात!”

“कारण तुझा कोड वाचून डोकं दुखतं, म्हणून!” निधी म्हणाली.

“बघ, बघ! म्हणून स्वल्प ॲडजस्ट केलं. माझं काम तिच्या नावानं मीच पास करायचो. नुसती टिक द्यायचो, लिहीत काही नव्हतो, शपथ.”

“मिसना कळलं तर टीम संपली, कळतंय का तुला?” संयोगिताचा आवाज चढला. “आणि ते खिडकीचं?”

“कुठली खिडकी? मी गोलमध्ये उभा होतो, अक्का. मोबाइल सरांकडे जमा.”

“नाव तरी हेच का घेतलंस?”

तो विचारात पडला. “सुचलं नाही काही. टाइप झालं.”

 संयोगितानं निधीकडे रोखून पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतेस ग? मला पासवर्डसुद्धा माहीत नाही,” निधी म्हणाली. “पण ती लिहिते छान. माझ्या बटणांचे रंग तिनंच सुधारले. मला वाटलं, तूच दुसऱ्या नावानं लिहितेस. लीडर म्हणून.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसायला कुणीच सुरुवात केली नाही.

त्या दिवसापासून संयोगिताला दोघांचाही संशय यायला लागला. हयवदन मोबाइल उलटा ठेवायचा, तो का? निधी डबा खाता खाता एकटीच हसते, ती कुणाचं काय वाचून? अहल्याचा पासवर्ड तिनं बदलला आणि कुणालाही सांगितला नाही. तरी हिरव्या टिका येत राहिल्या. नेमक्या, नीटनेटक्या. एकही चूक सुटायची नाही. खरं सांगायचं तर टीममध्ये सगळ्यात चांगलं काम तिचंच होतं, आणि संयोगिताला सगळ्यात जास्त टोचायचं ते हेच.

शेवटी तिनं सापळा लावला. फॉर्मवर जन्मतारखेची चौकट होती. तिथे पुढच्या वर्षीची तारीख टाकली तरी चालेल, अशी चूक तिनं मुद्दाम पेरली. अजून जन्मलाच नाही अशा पोराला ॲडमिशन! तिनं दोघांना आपल्या समोर बसवलं, हात टेबलावर ठेवायला लावले आणि काम रिव्ह्यूला टाकलं.

“पोलीस झालीस का ग?” निधी म्हणाली.

उत्तर आलं. या वेळी टिक नव्हती.

‘ही चूक तुझी नाही. मुद्दाम केलीस. कुणाला पकडायला?’

आणि त्याखाली: ‘हयवदन नाही. निधीही नाही.’

तिनं पडदा दोघांकडे वळवला नाही. अकाउंट उघडलं आणि पुसायचं बटण दाबलं. ‘खात्री आहे?’ सिस्टिमनं विचारलं. आहे, म्हणजे काय, आहेच! अहल्या गेली.

“काय लिहिलं होतं?” हयवदननं विचारलं.

“तुलाच माहीत असेल.”

तो उठला. “मला काढायचंय तर सरळ काढ ना. हे नाटक कशाला?” बॅग उचलून तो लांबच्या मशीनवर जाऊन बसला आणि पुढचे कितीतरी दिवस तिथेच बसत राहिला.

अहल्याच्या टिका थांबल्या. निधी आणि हयवदन मुकाट्यानं एकमेकांचं काम वाचायला लागले. संयोगिताला वाटलं, सुटलो एकदाचे.

ॲडमिशन उघडायच्या सकाळी तिघंही प्रार्थनेआधीच लॅबमध्ये हजर. साइट उघडली. पालक तुटून पडले. फॉर्म भराभर जमा होऊ लागले आणि साइट उभी राहिली, दगडासारखी! श्यामला मिस दारातून डोकावल्या.

“गुड, संयोगिता. टीम राहिली.”

हयवदननं आरोळी ठोकली आणि बॅग घेऊन पुन्हा आपल्या कोपऱ्यात आला. “सॉरी, अक्का.” “मीच सॉरी, मारया,” संयोगिता कानडी लाडात म्हणाली. निधीनं चकल्यांचा डबा उघडला. संयोगिता इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं.

चकली खाता खाता तिनं सहज रिव्ह्यूचं पान उघडलं. एक काम वाट बघत होतं.

लिहिणारी: संयोगिता.

तिनं असं काही लिहिलं नव्हतं.

तिनं ते उघडलं. जे काढायचं ते लाल दिसतं, जे घालायचं ते हिरवं. टीमच्या पानावरची एकच ओळ लाल होती, तिच्या नावाची. खालच्या हिरव्या ओळीत अहल्या.

कारणाच्या जागी दोनच शब्द: ‘खात्री आहे.’

तिनं ‘नामंजूर’ दाबलं.

‘स्वतःच्या कामावर स्वतः निर्णय देता येत नाही.’

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“निधी,” ती म्हणाली, “ते उघडू नकोस.”

निधीनं आपल्या पडद्यावरून वर पाहिलं नाही. तिची नजर ओळीवरून सावकाश फिरत होती, नीट वाचत असल्यासारखी. मग माऊसचा आवाज झाला. हिरवी टिक.

“निधी! हयवदन, बघ ना, अरे!”

हयवदन पडद्याकडे बघून हसत होता. त्यानं डबा पुढे सरकवला. तिच्याकडे नाही.

संयोगिता उठून दोघांच्या मागे जाऊन उभी राहिली. निधीच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण तो ठेवायचा धीर होईना.

निधीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची आपली बॅग उचलली आणि खाली ठेवली.

“बस ना ग, अहल्या,” ती म्हणाली.

खुर्चीच्या रेक्झिनच्या गादीतून हवा निघाल्याचा बारीक आवाज आला आणि गादी हळूहळू खाली दबली.